‘निर्भीक’ रिव्हॉल्वर: कोकणातल्या घरासाठी किती उपयोगाचे?

कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने जानेवारी 2014 मध्ये ‘निर्भीक’ विक्रीस आणले, तेव्हा ‘देशातील महिलांसाठीचे पहिले रिव्हॉल्वर’ अशी त्याची जाहिरात झाली होती. डिसेंबर 2012 मधील दिल्लीतील अत्याचाराची आठवण त्याच्या नावात आहे, आणि वजन, आकार, इतकेच नव्हे तर दागिन्यांच्या डब्यासारखी दिसणारी मरून रंगाची पेटी, हे सारे स्त्री ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले दिसते. .32 बोअर (नळीच्या भोकाचे माप), सहा गोळ्या, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे अंग, सुमारे 500 ग्रॅम वजन, सुमारे 15 मीटरपर्यंत अचूक मारा आणि सुरुवातीची किंमत 1,22,360 रुपये, हा त्याचा तपशील. राजापूर तालुक्यात, खाडीपासून फार लांब नसलेल्या एका वाडीत, माझ्या नावच्या परवान्यावर हे रिव्हॉल्वर काही वर्षे आमच्या घरात आहे. घरातले पुरुष बोटीवर किंवा मुंबईत, आणि घरी सासूबाई, मी व मुले, असे चित्र आमच्याकडे अनेक वाड्यांमध्ये दिसते. त्यामुळे ‘असे काही घ्यावे का?’ असे विचारणाऱ्या बायका कमी नाहीत. पुढील परीक्षण त्यांच्यासाठी आहे.

प्रथम वजनाविषयी, कारण जाहिरातीचा सगळा भर तिथेच आहे. दुकानात काउंटरवर ठेवलेले निर्भीक उचलून पाहिले की ते हलके वाटते आणि मनाला बरे वाटते. गोळी सुटल्यावर मात्र हेच हलकेपण अंगावर येते. काडतूस तेच असेल, तर शस्त्र जितके हलके तितका मनगटाला बसणारा धक्का मोठा. 700 ग्रॅमच्या रिव्हॉल्वरच्या तुलनेत 500 ग्रॅमच्या रिव्हॉल्वरमध्ये धक्क्याची ऊर्जा साधारण 40 टक्क्यांनी वाढते, हे साधे भौतिकशास्त्र आहे. .32 चे रिव्हॉल्वरचे काडतूस मुळात सौम्य असल्यामुळे हा धक्का सहन होण्यासारखा असतो, यात शंका नाही. परंतु पहिल्या गोळीनंतर नळी वर उचलली जाते आणि दुसऱ्या गोळीसाठी नेम पुन्हा जुळवायला जो वेळ लागतो, तो नवशिक्या हाताला जास्त लागतो. चाप ओढण्याचेही तसेच आहे. घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) आधी मागे न ओढता थेट चाप ओढला, तर सिलिंडर (गोळ्यांचे फिरते घर) फिरवणे आणि घोडा उचलणे ही दोन्ही कामे एका बोटाला करावी लागतात, त्यामुळे चाप लांब आणि जड लागतो, व हलके शस्त्र त्या ओढीबरोबर डावी-उजवीकडे हलते. माझ्यासारख्या मध्यम पंजाच्या बाईला मूठ बरोबर बसते, हे मान्य करायला हवे. मोठ्या पंजाच्या पुरुषाची करंगळी मात्र मुठीखाली लोंबते.

हलके म्हणजे बायकांना सोयीचे, हे समीकरण कुणी केले असेल त्याने नेमबाजीचे मैदान पाहिलेले नसावे. घाटावरच्या, कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात महिला जे पिस्तूल वापरतात त्याच्या वजनाची कमाल मर्यादा 1400 ग्रॅम आहे आणि चाप ओढायला किमान 1000 ग्रॅमचा जोर लागावा लागतो. म्हणजे जगातल्या उत्तम नेमबाज स्त्रिया जड शस्त्र आणि हलका चाप घेऊन उभ्या राहतात, आणि बाजार सामान्य बाईच्या हाती देतो ते हलके शस्त्र आणि जड चाप. खेळाचे आणि स्वसंरक्षणाचे शस्त्र वेगळे असते, हे मला ठाऊक आहे. जड चाप हा रिव्हॉल्वरमध्ये सुरक्षिततेचाही भाग असतो. तरीही खरेदी करताना ‘पर्समध्ये मावते का’ याआधी ‘सलग सहा गोळ्या मी कागदावर एका ताटाएवढ्या जागेत घालू शकते का’ हा प्रश्न विचारायला हवा.

याच वर्गातली दुसरी दोन नावे ऐकू येतात. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे ‘निडर’ हे .22 बोअरचे रिव्हॉल्वर केवळ 250 ग्रॅमचे आहे, आणि बाजारात आले तेव्हा ते सुमारे 35,000 रुपयांना होते. किंमत मोहात पाडणारी आहे, पण इतके छोटे शस्त्र जवळजवळ खेळण्यासारखे दिसते, आणि लहान मुले असलेल्या घरात माझ्या मते हा गुण नसून मोठा दोष आहे. नळी आखूड असल्यामुळे दोन बोटांच्या चुकीने तिचे तोंड स्वतःच्याच हाताकडे वळू शकते. दुसरे ‘प्रबल’. आयुध निर्माणी मंडळाच्या जागी ऑक्टोबर 2021 मध्ये ज्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांपैकी ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट 2023 मध्ये ते आणले. त्याचे सिलिंडर बाजूला उघडते, वजन 700 ग्रॅमच्या आसपास आहे आणि पल्ला 50 मीटरपर्यंत सांगितला जातो. पल्ल्याच्या आकड्याने मी भारावून जाणार नाही, कारण घराच्या ओटीवर 50 मीटरवरून गोळी झाडण्याचा प्रसंग स्वसंरक्षणात बसवणे न्यायालयात फार कठीण जाईल. वजनाचा फायदा मात्र खरा आहे, आणि आज नव्याने घ्यायचे झाले तर मी प्रबलकडे आधी पाहीन.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाविषयी एकच गोष्ट सांगते. मॅगझिन (गोळ्यांचा खण) काढले की पिस्तूल रिकामे झाले, असा समज घरोघरी असतो; प्रत्यक्षात नळीच्या मागे एक गोळी तशीच राहिलेली असू शकते आणि अनेक घरगुती अपघातांच्या मुळाशी ‘मला वाटले रिकामे आहे’ हेच वाक्य असते. शिवाय .32 पिस्तुलाचे आणि .32 रिव्हॉल्वरचे काडतूस एक नव्हे. दुकानात काडतुसे घेताना हे स्पष्ट सांगावे.

निर्भीकची मला सर्वांत पटलेली गोष्ट इथेच आहे. त्याची रचना वेब्ली या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्वरच्या पद्धतीची आहे: मागचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे खाली मोडते, सिलिंडरची सहाही भोके समोर दिसतात आणि त्यातली काडतुसे एकदम वर उचलली जातात. रिकामे आहे की भरलेले, हे एका नजरेत कळते. दिवे गेलेले असतील तर करंगळीचे टोक सहा भोकांवरून फिरवले तरी कळते. घरात ज्यांना शस्त्राची सवय नाही, अशांना रिकामे आणि भरलेले यांतला फरक दाखवून देण्यासाठी याहून सोपी रचना नसेल. कुणीही शस्त्र हातात दिले की आधी उघडून पाहायचे, घेणाऱ्यानेही पुन्हा पाहायचे, नळीचे तोंड माणसाकडे कधीच नाही, आणि नेम ठरेपर्यंत बोट चापाबाहेर, नळीला समांतर. आमच्याकडे ठासणीच्या आणि काडतुसाच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत, शेतीसंरक्षणाचे परवाने सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पुष्कळ आहेत, पण खांद्यावरची लांब बंदूक कुणीकडे वळली आहे ते दहा हातांवरून दिसते. रिव्हॉल्वरचे तोंड मात्र मनगट जरा वळले की शेजारच्याच्या पोटाकडे जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. बंदुकीची सवय असलेल्या घरातले लोक म्हणूनच रिव्हॉल्वरच्या बाबतीत अधिक निष्काळजी असतात, असे माझे निरीक्षण आहे.

कायद्याची एक बाब बऱ्याच कुटुंबांना माहीत नसते. ‘घरासाठी रिव्हॉल्वर’ असे आपण म्हणतो, पण 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना व्यक्तीला मिळतो, कुटुंबाला नव्हे. नवऱ्याच्या परवान्यावरचे रिव्हॉल्वर तो बोटीवर असताना बायकोने उशाशी ठेवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही प्रामाणिक असो. जी व्यक्ती घरी राहते, तिच्याच नावाचा परवाना हवा. वय किमान 21 वर्षे लागते, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो, आणि 2016 च्या शस्त्र नियमांनंतर सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण व सुरक्षित साठवण या दोन्ही गोष्टी अर्जाचा भाग झाल्या आहेत. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वडिलोपार्जित बंदूक जिच्या नावावर आहे, तिने याचा हिशोब आधी करावा. सासऱ्यांच्या नावावरची जुनी बंदूक वापरात नसेल, तर त्यांचे वय 70 पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र 25 वर्षे बाळगल्यावर ती वारसाच्या नावे करण्याची सोय नियमांत आहे.

प्रशिक्षणाविषयी थोडी नाराजी नोंदवते. किनाऱ्यावर राहणाऱ्या बाईला प्रत्यक्ष गोळ्या झाडण्याचा सराव करायचा तर बहुधा घाट चढावा लागतो. मी ज्या ठिकाणी गेले तिथल्या प्रशिक्षकांनी दाखला देण्याची घाई केली, झाडण्याची संधी मोजकीच दिली, आणि ‘मॅडम, तुम्हाला काय रोज चालवायचंय?’ असे हसत हसत विचारले. रोज चालवायचे नसते म्हणूनच तर हाताला वळण लागावे लागते. पुढे दुसऱ्या ठिकाणी एका निवृत्त सैनिकाने मला गोळी न घालता, केवळ दारू नसलेल्या सरावाच्या काडतुसांवर, भिंतीकडे तोंड करून चाप ओढण्याचा सराव करायला लावला. नळीच्या टोकावर एक रुपयाचे नाणे ठेवायचे आणि ते न पडता चाप शेवटपर्यंत ओढायचा. हा सराव घरी करता येतो, फक्त त्या खोलीत खरे काडतूस एकही नको.

आता घराकडे वळते, कारण शस्त्राची खरी परीक्षा तिथे होते. जांभ्याच्या चिऱ्याची बाहेरची भिंत जाड असते आणि .32 ची गोळी तिथे अडते, असे धरून चालता येईल. पण आतल्या खोल्या? जुन्या घरांत माजघर आणि बाळंतिणीची खोली यांच्यामध्ये लाकडी फळ्या असतात, नव्या घरांत प्लायवूडचे पार्टिशन, आणि वर माळा. गोळी या सगळ्यांतून आरपार जाऊ शकते. म्हणून रिव्हॉल्वर घेण्याआधी घराचा नकाशा कागदावर काढावा, कोण कुठे झोपते ते लिहावे आणि कोणत्या दिशेने गोळी कधीच झाडायची नाही हे ठरवावे. आमच्या घरात अशा दिशा काढल्यावर झाडता येईल अशी एकच दिशा उरली. दाराला आतून भक्कम अडसर, पडवीत आणि मागच्या बाजूला दिवा, 112 क्रमांक पाठ असलेली मुले आणि भुंकणारा कुत्रा यांनी जे काम होते, त्याच्या पुढचा टप्पा म्हणून रिव्हॉल्वरचा विचार व्हावा. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे आणि जिवावर बेतले तर तो समोरच्याचा जीव घेण्यापर्यंतही जातो. परंतु पळत सुटलेल्या नारळचोरावर गोळी झाडणाऱ्याला तो हक्क वाचवणार नाही.

रिव्हॉल्वरपेक्षाही अधिक विचार करून घ्यायची वस्तू म्हणजे तिजोरी. बाजारात बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या छोट्या तिजोऱ्या मिळतात आणि विक्रेते त्याच पुढे करतात. आंब्याचा चीक लागून सोललेली किंवा कोयता-खोऱ्याने घासलेली बोटे ते यंत्र ओळखत नाही, ओल्या हाताने तर बिलकूल नाही. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर चढतो तो वेगळाच. मी साधी चावीची जाड पत्र्याची पेटी घेतली. ती भिंतीत बसवताना गवंड्याला एक गोष्ट बजावून सांगावी: चिरा सच्छिद्र असतो, त्यात साधा फास्टनर ठोकला तर महिन्याभरात खुळखुळतो. बोल्ट काँक्रीटच्या पट्ट्यात किंवा रासायनिक भरणी करूनच बसवावेत. काडतुसे दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत. दोन्हींच्या चाव्या एका जुडग्यात नकोत, आणि देवघरातल्या खिळ्यावर तर नकोतच, कारण गणपतीला घर भरते तेव्हा मुंबईहून आलेली मुले पहिल्या दुपारीच प्रत्येक कपाट, प्रत्येक कणगा उघडून पाहतात. जड चाप लहान मुलाला ओढवणार नाही, या भरवशावर राहू नये. एका बोटाने जमले नाही तर मूल शस्त्र उलटे धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबते, आणि तेव्हा नळीचे तोंड त्याच्याच छातीकडे असते. घरात कुणी दारूच्या आहारी गेलेले असेल किंवा कुणाचे मन खचलेले असेल, तर शस्त्र घेऊच नये. घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे जगभरच्या अभ्यासांनी वारंवार दाखवले आहे. वर्षातले सहा महिने कुलूप असणाऱ्या घरालाही हे शस्त्र चालणार नाही.

टायटॅनियमचा लाभ मात्र कोकणातच कळतो. शेजारच्या वाडीत पोलादी रिव्हॉल्वर आहे, त्याच्या निळसर-काळ्या झिलईवर दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके आले. निर्भीकच्या अंगावर तसे काही झालेले नाही. याचा अर्थ देखभाल नको असा नव्हे, कारण आतल्या स्प्रिंगा पोलादी असतात आणि गंज आधी तिथेच बसतो. मृगापासून दसऱ्यापर्यंत दर पंधरवड्याला रिव्हॉल्वर रिकामे करून, कोरड्या फडक्याने पुसून, बंदुकीच्या तेलाचा पुसटसा हात देते. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल नको. खोबरेल थंडीत गोठते आणि चिकट थर धरते. सोबत आलेले किंवा शिवून घेतलेले चामड्याचे म्यान साठवणीसाठी वापरू नये, त्याला ओल लागून बुरशी धरते आणि तीच ओल धातूला चिकटते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या तापवून पुन्हा वापराव्यात. काडतुसांना तेलाचा हात कधीही लावू नये, ते बुडाशी झिरपले तर काडतूस फुसके निघते. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनलेली काडतुसे मी वापरते. पितळेवर हिरवा डाग आलेले काडतूस बाजूला काढून विक्रेत्याकडे परत द्यावे.

पर्समध्ये नेण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे. एसटीत पर्स मांडीवरून खाली सरकते, बाजारात ती मासळीवालीच्या टोपलीशेजारी ठेवली जाते, घरी आल्यावर पहिल्यांदा तिच्यात हात घालते ते गोळ्या-बिस्किटे शोधणारे मूल. साडीवर कमरपट्ट्याचे म्यान बसत नाही, हेही खरे आहे, त्यामुळे आमच्याकडच्या बाईसाठी हे शस्त्र घरातले, बाहेरचे नव्हे. शिवाय परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर बांद्यापुढे गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडताच तो निरुपयोगी ठरतो, आणि सावंतवाडीहून म्हापशाला सहज बाजाराला जाणाऱ्या बाईला ही हद्द लक्षातही राहत नाही. लग्नात किंवा शिमग्यात हौसेने हवेत बार काढणे 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रानडुकरासाठी किंवा बिबट्यासाठी याचा उपयोग होईल असे कुणाला वाटत असेल तर त्याने हा विचार सोडून द्यावा; .32 च्या गोळीने डुक्कर जखमी होऊन अंगावर येईल आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972 वेगळा मागे लागेल.

निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची सूचना येते. वास्तविक सरसकट सर्वांची शस्त्रे न घेता छाननी समितीने व्यक्तीगणिक निर्णय घ्यावा, अशी पद्धत मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर आली आहे, पण सूचना आली तर वाद न घालता शस्त्र जमा करावे आणि पावतीवर क्रमांकाबरोबर त्याची स्थितीही लिहून घ्यावी. जमा करण्याआधी तेलाचा हात थोडा अधिक द्यावा, परत मिळाल्याबरोबर उघडून पुसावे.

एवढ्या पैशांत निर्भीक घ्यावे का, याला माझे उत्तर असे: किनाऱ्यावरच्या हवेसाठी आणि उघडून तपासण्याच्या सोयीसाठी ते चांगले, चालवायला मध्यम, आणि किमतीच्या मानाने महाग. जिच्याकडे पक्की तिजोरी, सरावाची तयारी आणि स्वतःच्या नावाचा परवाना आहे, तिनेच ते पाहावे. जुने, दुसऱ्या परवानाधारकाकडून विक्रेत्यामार्फत येणारे निर्भीक स्वस्तात मिळू शकते. ते घेताना मागचा खटका बंद करून नळी हलकेच वर-खाली हलवून पाहावी, कारण या रचनेत झीज पहिल्यांदा याच सांध्यात होते. तिथे खुळखुळ जाणवली तर विक्रेता कितीही सूट देत असला तरी ते काउंटरवर परत ठेवावे. नंतर घोडा सावकाश मागे ओढून सहाही घरे एकेक करून जागेवर ठामपणे बसतात का ते पाहावे आणि शस्त्रावरचा क्रमांक मूळ मालकाच्या परवान्यावरील क्रमांकाशी अंक-अंक जुळवून मगच पैसे द्यावेत.